दिंडीत नाव घालण्यापासून परतीच्या एसटीपर्यंत

चैत्रात दिंडीप्रमुखांना फोन केला तेव्हा त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. माळ आहे का, एकादशी धरता का, घरी विचारलंय का. माझी उत्तरं अनुक्रमे नाही, कधीकधी आणि हो. "बरं," ते म्हणाले, "माळ नसली तरी चालतंय. पण दिंडीत असेपर्यंत मांसमच्छी नाही, मिश्री-तंबाखू नाही, अन् ट्रक कुणासाठी थांबत नाही. हे शेवटचं नीट ध्यानात ठेवा, ताई." मला वाटलं गंमत करतायत.

वारीवर वाचलेलं भरपूर होतं. त्यात टाळ-मृदंग असतो, डोळ्यांतलं पाणी असतं. पण पेटी कोण उचलतं, आंघोळ कुठे करायची, पाळी आली तर काय, हे फारसं सापडत नाही. म्हणून हे लिहितेय. आमच्या घरात वारी नाही. मी डोंबिवलीची, वय ४६, बँकेत नोकरी, साखर काठावर. शाखेतली एक मैत्रीण लातूर जिल्ह्यातली, तिचे आई-वडील दरवर्षी माऊलींच्या सोहळ्यात चालतात. त्यांच्याच दिंडीत नाव घातलं. ओळखीशिवाय आळंदीत जाऊन कुठल्याही दिंडीमागे चालू लागता येतं, असे मोकळे वारकरी हजारोंनी असतात. पण पहिल्यांदा जाणाऱ्या बाईने दिंडीतच जावं असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री पाठ टेकायची जागा ठरलेली असली की दिवसा कितीही चालता येतं.

आधी रजा. २०२५ साली माऊलींचं प्रस्थान १९ जूनला आणि आषाढी एकादशी ६ जुलैला होती. म्हणजे ३० जूनची तिमाहीअखेर बरोबर मध्ये. साहेबांनी अर्ज वाचला, कॅलेंडर बघितलं, पुन्हा अर्ज वाचला. अर्जित रजा मिळाली, पण दिवाळीच्या आसपास एकही सुट्टी मागणार नाही असं तोंडी कबूल करून. तुम्ही नोकरीत असाल तर एप्रिलमध्येच अर्ज टाका. तारखा तिथीवर असतात, पंचांग बघून कधीही काढता येतात. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, हे पक्कं.

दिंडीचा फॉर्म एका पानाचा. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, रक्तगट, चालू असलेली औषधं, घरच्या एका माणसाचा नंबर. भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, चार हजार रुपये, त्यात दोन वेळचं जेवण, चहा, राहुटी आणि सामानाची ने-आण. प्रत्येक दिंडीची भिशी वेगळी असते, आधी विचारून घ्यावी. पैसे मोबाईलवरून पाठवले, पावतीचा फोटो आला. त्या पावतीवरचा आकडा पत्र्याच्या पेटीवर ऑइलपेंटने लिहायचा, अशी सूचना. पेटी का, तर ट्रकमध्ये सामानावर सामान पडतं आणि वरून माणसं बसतात. कापडी बॅगेत ठेवलेला डबा दुसऱ्या दिवशी ताटलीसारखा होतो.

पेटीत काय नेलं ते सांगते. लवकर वाळणारे चार ड्रेस, आंघोळीसाठी एक जुना गाऊन, पंचा, ताट-वाटी-तांब्या, बॅटरी, पॉवर बँक, दोरी, भरपूर सेफ्टी पिना, मेणकापड, ओआरएसच्या पुड्या, व्हॅसलीन, चिकटपट्टी, सुती मोज्यांचे जोड. वळकटी वेगळी बांधायची, तिच्यावरही तोच आकडा. सरावासाठी मार्चपासून रोज सकाळी तासभर चालत होते, रविवारी तीन तास. एक गोष्ट मात्र मुद्दाम केली, ती सगळ्यांनी करावी: सँडल भिजवून, तसेच ओले घालून चालले. बुटांचं कौतुक पहिल्या पावसापर्यंतच असतं. दिंडीत निम्म्याहून जास्त पायांत साध्या चपला होत्या, काही पाय अनवाणी होते, आणि त्या पायांना माझ्यापेक्षा कमी फोड आले.

१८ जूनला दुपारी आळंदीत पोचले. धर्मशाळेच्या एका खोलीत आम्ही बावीस बायका. सगळ्या मला "बँकेतल्या बाई" म्हणू लागल्या, आणि शेजारी पथारी टाकलेल्या आजीबाईंनी पहिल्याच रात्री माझी उशी तपासून बघितली. सत्तरीच्या, अंगठाबहाद्दर, हरिपाठ मात्र तोंडपाठ. पुढे सगळा रस्ता त्याच माझ्या शाळामास्तर झाल्या. प्रस्थान देवळात होतं आणि आत ठरलेल्या दिंड्यांच्या मोजक्याच वारकऱ्यांना सोडतात. आम्ही बाहेर गर्दीत होतो. मला दिसल्या त्या फक्त पताका आणि समोरच्या माणसाची पाठ.

खरी शिकवणी २० तारखेला, पुण्याच्या वाटेवर सुरू झाली. सोहळ्यात प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो: रथापुढे २७ आणि रथामागे कितीतरी. तुम्ही हरवलात तर नाव सांगून उपयोग नाही, "रथामागे अमुक नंबर" एवढंच सांगायचं. तोच तुमचा पत्ता. पोलीस, चहावाला, दुसऱ्या दिंडीतलं पोर, कुणीही बोटाने दाखवतं, पुढे की मागे. हा आकडा पहिल्या दिवशी हातावर पेनाने लिहा. दिंडीच्या आतही क्रम असतो. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, वीणेकरी, त्यामागे डोक्यावर तुळस घेतलेल्या आणि आम्ही बाकीच्या बायका. वीणेकऱ्याच्या पुढे-मागे उगाच घुसायचं नाही. अभंग दिवसाच्या वेळेप्रमाणे ठरलेले असतात. मला एकही धड येत नव्हता. "ज्ञानोबा माऊली तुकाराम" एवढं येत होतं, तेवढ्यावर पंढरपूर गाठता येतं.

पुण्यात दोन रात्री. पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात असते, आमची दिंडी एका शाळेत उतरली होती. पुण्याचे दोन दिवस म्हणजे पाय दुरुस्त करून घ्यायची संधी. रस्त्यावर ठिकठिकाणी कुणी तळवे चोळून देतं, कुणी चपला शिवून देतं, कुणी फोडांवर पट्ट्या लावतं, सगळं फुकट. कॉलेजातल्या एका मुलीने माझे पाय हातात घेतले तेव्हा मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी पाय ओढून घेतला. आजीबाई म्हणाल्या, "देऊ दी की तिला. तिलाबी कायतरी पाहिजेच की." फुकट वाटपाबद्दल एक सूचना: पुण्यात बिस्किटं, केळी, राजगिऱ्याचे लाडू हातात कोंबले जातात, जेवढं नको म्हणाल तेवढं बरं. सासवडच्या पुढे तेच सगळं पोटात गेल्याचा पश्चात्ताप करणारी माणसं फिरत्या शौचालयांच्या रांगेत भेटतात.

त्या रांगेबद्दल. राहुट्यांच्या तळावर ओळीने फिरती शौचालयं उभी असतात, पूर्वी नव्हती, असं सगळ्या जुन्या बायका सांगतात. पहाटे अडीच-तीनला उठलात तर ती स्वच्छ आणि मोकळी मिळतात. चारनंतर विसरा. आंघोळ टँकरच्या पाण्याने, चार बायकांनी साड्या धरलेल्या आडोशात, गाऊन घालून, दीड तांब्यात. सासवड आणि फलटणला गावातल्या घरांमधून वीस-तीस रुपयांत गरम पाण्याची आंघोळ मिळाली. बऱ्याच घरांत पैसे घेतच नाहीत, वर चहा देतात. चालताना लघवीचा प्रश्न बायकांसाठी सगळ्यांत अवघड. पेट्रोल पंप, शाळा, वस्तीवरची घरं, कुठेही विचारायला लाजू नका. पाणी कमी प्यायचं हा उपाय मात्र करू नका. आमच्यातल्या एका वहिनींना त्यापायी जेजुरीत सलाईन लागलं.

रोजचं वेळापत्रक असं: अडीचला उठायचं, चारच्या आत पेटी-वळकटी ट्रकपाशी. ट्रक पुढच्या मुक्कामाला निघून जातो. पालखीतळावर पहाटे तीनदा कर्णा वाजतो. पहिल्याला आवरायला लागायचं, दुसऱ्याला तयार, तिसऱ्याला सोहळा हलतो. ट्रक खरंच कुणासाठी थांबत नाही. एका दादांची वळकटी वाल्ह्यात मागे राहिली, ती दुसऱ्या दिंडीच्या टेम्पोतून लोणंदला आली, पण आली.

२२ तारखेचा पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांब टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट, आणि आमच्या दिंडीची एकादशीही त्याच दिवशी. घाटाची भीती मला जानेवारीपासून होती. प्रत्यक्षात घाट कळलाच नाही. चढावर पखवाजाची लय वाढते, मागचा जमाव पुढे रेटतो, रथाला जादा बैलजोड्या लागतात आणि त्यांच्यासाठी सगळे ओरडतात. त्यात आपण वर पोचलेलो असतो. मोडायला लागते ती घाट संपल्यावरची सासवडपर्यंतची सपाट वाट. पोटात साबुदाणा, रस्त्याकडेला सावली नाही. पालखी मार्गाचं रुंदीकरण झालंय, रस्ता ऐसपैस आहे, पण जुनी झाडं गेली आणि सिमेंट खालून भाजतं. नवी झाडं मोठी व्हायला माझ्या पुढची पिढी लागेल. तोवर टोपी आणि ओला पंचा.

सासवडला दोन रात्री, धुणं, सोपानकाकांची समाधी. २४ ला जेजुरी, भंडाऱ्याने सगळं पिवळं, ड्रेसचा रंग अजून पुरता गेलेला नाही.

वाल्ह्याची संध्याकाळ मात्र नीट सांगते, कारण मला संपूर्ण वारीत सर्वांत आवडली ती समाजआरती. मुक्कामी पालखी तळावर पोचली की सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग सोहळ्याची शिस्त सांभाळणारा चोपदार हातातला दंड उंच करतो आणि टाळ थांबतात. थांबतात म्हणजे एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल तर ती दिंडी मुद्दाम टाळ वाजवत राहते. त्या दिवशी मागच्या बाजूला एक दिंडी अशी वाजवत राहिली. चोपदार चालत तिकडे गेले, विचारपूस झाली. कुणीतरी क्रम मोडून मध्ये घुसलं होतं म्हणे. समजूत पटली, टाळ थांबले. मग हरवल्या-सापडल्याची यादी: चष्मा, पाकीट, एक कवळी. कवळीला हशा पिकला. मग उद्या किती वाजता निघायचं ते, आणि आरती. बँकेत तक्रारवही मी वर्षानुवर्षं सांभाळते, पण तक्रार करणाऱ्याकडे सगळ्यांसमक्ष चालत जाऊन, ती मिटेपर्यंत पुढचं काम थांबवणारी पद्धत मी पहिल्यांदा पाहिली. ही सगळी घडी हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात बसवली असं सांगतात. ते लष्करी शिस्तीतून आलेले सरदार. ते दिसतं.

२६ ला नीरेत पादुकांचं स्नान, पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपून सातारा सुरू. लोणंद. २७ ला तरडगावचा छोटा टप्पा, आठेक किलोमीटरचा, वाटेत चांदोबाचा लिंब, तिथे पहिलं उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून सोहळ्याचे घोडे धावतात ते. २८ ला फलटण, आणि फलटणच्या विमानतळावरच्या तळावर माझा उजवा गुडघा पावाएवढा झाला.

२९ ला बरडला पाळी आली. तारीख नव्हती, चालण्याने पुढे-मागे होतं, पॅड जवळ ठेवाच. मला प्रश्न पडला की आता दिंडीत चालायचं की मागे. आजीबाईंच्या कानात विचारलं. त्यांनी इकडंतिकडं न बघता नेहमीच्या आवाजात सांगितलं, "चाल गप माय. कुणाला इचारूलालीस? पाऊस येऊलालाय, मेणकापड काढ." विषय तिथे संपला. दुसऱ्या दिंडीत दुसरा अनुभव येऊ शकेल, मी माझ्यापुरतं सांगतेय. वापरलेली पॅडं कागदात गुंडाळून पिशवीत ठेवायची आणि गावातल्या कचराकुंडीपर्यंत न्यायची, शेतात टाकायची नाहीत. आपल्याला राहायला शेत देणाऱ्या माणसाला पुढच्या आठवड्यात तिथे पेरायचं असतं.

३० जूनला नातेपुते. धर्मपुरीपासून सोलापूर जिल्हा. शाखेत तिमाहीअखेर चालू होती, मी ओल्या चादरीवर बसून गुडघ्याला बर्फ लावत होते. तळावरच्या वैद्यकीय पथकातल्या डॉक्टर बाईंनी बघितलं, म्हणाल्या उद्या चालू नका. दिंडीप्रमुखांना सांगताना मला जड गेलं. त्यांना नाही गेलं. "मग ट्रकवर बसा. कांदे चिरायला माणूस कमीच हाय."

म्हणून १ जुलैचं पुरंदवड्याचं रिंगण मी पाहिलं नाही, पण दिंडी चालते कशी ते पाहिलं. ट्रक पाच वाजता माळशिरसच्या रस्त्याला लागला. पुढे बसलेल्या भाऊंच्या मांडीवर एक प्लास्टिकची फाईल. तिच्यात वाहनाचा पास, सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स, सरकार २०२४ पासून दिंडीला वीस हजारांचं अनुदान देतं त्याचे कागद. नाक्यावर पास दाखवला, सोडलं. दिंडीची माळशिरसची जागा वर्षानुवर्षं एकाच शेतकऱ्याच्या रानात. पण रस्त्याने त्या रानाचा पुढचा पट्टा घेतलेला, उरलेल्यात दोन दिंड्या. भाऊ आणि पलीकडचे मुकादम यांच्यात अर्धा तास वाद, मग बांधावर बसून दोघांनी एकत्र चहा घेतला आणि दोरी टाकून जागा वाटून घेतली. मग राहुट्या, मग टँकरमागे धावाधाव. टँकर आला की आपल्या टाक्या भरून घ्यायलाच एक माणूस खास ठेवलेला असतो. दोनशे माणसांचं पिठलं, भात, आमटी. भाकऱ्या गावातल्या बायका घरोघरी थापून टोपल्यातून आणून देत होत्या. मी कांदे चिरले, मिरच्या निवडल्या, मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या. चारच्या सुमाराला टाळ ऐकू यायला लागले तेव्हा आचारी मावशी शांतपणे म्हणाल्या, "आले आपले. चहा टाका." ट्रकवर बसलेल्यांची वारी झाली नाही असं दिंडीत एकही माणूस म्हणालं नाही. तसं म्हणणारे मला डोंबिवलीत भेटले.

२ जुलैला पुन्हा चालले, गुडघ्याला पट्टा बांधून, रांगेच्या कडेने. खुडूस फाट्याचं गोल रिंगण त्याच दिवशी. फोटोत दिसतं तसं रिंगण प्रत्यक्षात दिसत नाही, हे आधी सांगून ठेवते. माझ्यासमोर सहा ओळी माणसं होती. एक गलका उठला, माती उडाली, आणि घोडे गेले असं सगळे म्हणाले. स्वाराचा एक घोडा आणि माऊलींचा एक, त्यावर कुणी बसत नाही. ते अंकलीच्या शितोळे सरकारांकडून चालत आळंदीला येतात. मला जास्त मजा आली ती नंतरच्या खेळांत, फुगड्या आणि उड्यांत. बँकेतल्या बाईंनी गुडघ्याला पट्टा असताना फुगडी घातली नाही, पण टाळ्या वाजवल्या.

वेळापूर, ठाकुरबुवाचं रिंगण, भंडीशेगाव. ४ जुलैला वाखरी. इथे सगळ्या संतांच्या पालख्या जमतात आणि तुमच्या दिंडीचा नंबर इथे सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो. मोबाईलला रेंज नावापुरती. घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर तिकडे घाबरतात. चार्जिंग वाटेत दुकानांतून दहा-वीस रुपयांत होतं, इथे तेही अवघड.

५ जुलैला पंढरपूर. अंतर थोडं, वेळ प्रचंड. इसबावीजवळ रथ वडार समाजाची माणसं ओढतात. आम्ही संध्याकाळी शहरात शिरलो ते अक्षरशः वाहत. आमचा मुक्काम मठात होता. ज्यांना तशी जागा नाही त्यांच्यासाठी नदीपलीकडे ६५ एकरांवर तळ असतो.

दर्शनाचं सांगते. यात्राकाळात देवाचा पलंग काढलेला असतो, म्हणजे देव झोपत नाही, देऊळ चोवीस तास उघडं. तरीही पदस्पर्शाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि तिच्यात रात्रच्या रात्र जाते. मुखदर्शनाची वेगळी रांग, तीही लहान नव्हे. पहाटे शासकीय महापूजा असते, तेव्हा रांग थबकते. आजीबाईंना मी विचारलं, कुठल्या रांगेत लागायचं? त्यांनी चंद्रभागेच्या घाटावरून कळसाला हात जोडले, नामदेव पायरीच्या दिशेने मान लवली आणि फराळाला चला म्हणाल्या. त्यांनी पायांवर डोकं शेवटचं कधी ठेवलं ते त्यांना आठवत नव्हतं. कार्तिकीलाही येतात, तेव्हाही असंच. मीही कळसच बघितला. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. नाही म्हटलं तर खोटं होईल. पायांवर डोकं ठेवायचंच असेल तर यात्रा ओसरल्यावर, देवाचा शीण घालवायची प्रक्षाळपूजा झाली की पुन्हा जावं, असं मठातल्या पुजाऱ्यांनी सुचवलं.

दिंडी द्वादशीला सुटते, काही जण पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबतात. मी सोमवारी निघाले. यात्रेत एसटीची तात्पुरती स्थानकं उभारतात, विभागवार वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांपासून लांब. आपल्या जिल्ह्याची गाडी कुठून सुटते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, पेटी डोक्यावर घेऊन एका स्थानकाहून दुसऱ्याला जाणं दिवे घाटापेक्षा वाईट. बायकांना अर्धं तिकीट, आजीबाईंसारख्या पंचाहत्तरीच्या जवळ आलेल्यांनी आधारकार्ड वर ठेवायचं, पंचाहत्तर पूर्ण असतील तर फुकट. माझा सगळा खर्च, भिशी, सँडल, औषधं, चहा-पाणी, जाणं-येणं धरून, नऊ हजारांच्या आत बसला.

पेटी मी परत आणली नाही. दिंडीच्या गावी मठात ठेवतात, पुढच्या ज्येष्ठात ट्रकबरोबर आळंदीला येते. त्यासाठी गुढीपाडव्याच्या आत अर्धी भिशी भरावी लागते, नाहीतर आकडा दुसऱ्याला देतात. रजेचा अर्ज यंदा मी फेब्रुवारीतच टाकणार आहे.